ब्रायडन एकटाच वाचला नव्हता

काबूलचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो: ‘१८४२ साली अफगाणांनी १६,००० ब्रिटिश सैनिक कापून काढले. विल्यम ब्रायडन नावाचा ब्रिटिश लष्करातला एकच सर्जन मुद्दाम जिवंत सोडला, जाऊन सगळ्यांना हकिकत सांग म्हणून.’ सोबत थकलेल्या घोड्यावर कसाबसा बसलेल्या माणसाचं चित्र. आपल्याकडेही लोक तो अभिमानाने पुढे पाठवतात, म्हणून हे लिहायलाच हवं. त्यात जे गाळलंय ते आपल्याच मुलखातल्या माणसांचं मरण आणि जगणं आहे.

आधी आकडा. पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात माघार घेताना ६ जानेवारी १८४२ रोजी काबूलच्या इंग्रज छावणीतून साधारण साडेसोळा हजार माणसं जलालाबादच्या इंग्रज ठाण्याकडे निघाली हे खरं. पण त्यांत सैनिक होते सुमारे ४,५००, आणि त्यांतले गोरे जेमतेम सातशे. बाकीचे कंपनी सरकारच्या बंगाल लष्करातले आणि इंग्रजांनी काबूलच्या गादीवर बसवलेल्या शाह शुजाच्या फौजेतले शिपाई-स्वार. उरलेले जवळपास १२,००० म्हणजे बाजारबुणगे: भिस्ती, सईस, आचारी, डोलीवाले, त्यांच्या बायका आणि पोरं. पानिपत वाचलेल्या माणसाला हे चित्र नवं नाही. पहिल्याच रात्री तंबू नाहीत, सरपण नाही, अंगावर धड लोकरीचं काही नाही. उघड्या बर्फावर झोपलेले कित्येक जण सकाळी उठलेच नाहीत. ऊब मिळावी म्हणून शिपायांनी स्वतःच्या टोप्या आणि पट्टे जाळले. हातपाय बधिर झालेला माणूस बंदूक तरी कशी धरणार? तेव्हा ‘१६,००० ब्रिटिश सैनिक’ हे साफ खोटं आहे. मेले ते बहुतांशी हिंदी लोक, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या हाती शस्त्रही नव्हतं.

ब्रायडन ‘ब्रिटिश लष्कराचा’ही नव्हता. तो कंपनीच्या बंगाल लष्करात १८३५ पासून असिस्टंट सर्जन होता आणि काबूलला शाह शुजाच्या फौजेकडे नेमलेला होता.

आता ‘मुद्दाम जिवंत सोडला’. त्याची स्वतःची हकिकत उपलब्ध आहे आणि ती नेमकी याच्या उलट सांगते. वाटेत त्याला घोड्यावरून खाली ओढलं आणि डोक्यावर सुऱ्याचा असा घाव बसला की कवटीचा टवका उडाला. थंडीसाठी त्याने टोपीत ब्लॅकवुड्स मॅगझिनचा अंक कोंबला होता, म्हणून तो वाचला. पुढे मरणाच्या दारात असलेल्या एका घायाळ सैनिकाने स्वतःचं तट्टू त्याला दिलं. जलालाबाद जवळ आल्यावर पुन्हा घोडेस्वारांनी गाठलं. तलवार मुठीपाशी मोडली, तेव्हा त्याने मूठच हल्लेखोरावर फेकली. डाव्या हातावर वार बसला, म्हणून सुटलेला लगाम उचलायला तो उजव्या हाताने खाली वाकला. हा पिस्तूल काढतोय असं वाटून तो स्वार माघारी पळाला, असं ब्रायडनला वाटलं. १३ जानेवारीला तो जलालाबादच्या किल्ल्यात पोहोचला. ज्याला निरोप्या म्हणून सोडायचं त्याच्यावर असे वार कोण करतं?

सगळ्यात वाईट दावा ‘एकटाच वाचला’ हा. त्या दिवशी तिथवर पोहोचलेला तो एकटा गोरा होता, इतकंच खरं. अफगाणांचा पुढारी अकबर खान याने वाटेतच इंग्रज बायका, मुलं आणि अधिकारी ताब्यात घेतले होते. जलालाबादचे इंग्रज सेनापती सेल यांच्या पत्नी लेडी सेल त्यांच्यातच होत्या. शंभरावर गोरे कैदी सप्टेंबर १८४२ मध्ये सुटले. जलालाबादच्या वाटेवर गंडमकच्या टेकडीवर ४४ व्या गोऱ्या पलटणीचा शेवट झाला, तिथूनही कॅप्टन साउटर जिवंत राहिला. पलटणीचं निशाण त्याने कमरेला गुंडाळलं होतं. त्यामुळे तो कुणी बडा असामी असावा, मोठी खंडणी मिळेल, असं वाटून त्याला कैद केलं.

आणि शिपाई? काही जण एकेकटे जलालाबादला पोहोचले. अनेक जण गुलाम म्हणून विकले गेले. जनरल पोलॉकची इंग्रज फौज त्याच वर्षी काबूलला परत गेली तेव्हा तिथे सुमारे २,००० शिपाई आणि नोकरचाकर जिवंत सापडले, हिमदंशाने हातापायाची बोटं गेलेले, भीक मागून जगणारे. ‘एकटाच’ म्हणायचं तर या दोन हजार माणसांना माणसांत धरायचं नाही, असंच ठरवावं लागतं. लंडनच्या वाचकांनी तेव्हा तसं ठरवलं. इंग्रज चित्रकार लेडी बटलर यांनी १८७९ साली घोड्यावरच्या ब्रायडनचं ते प्रसिद्ध चित्र काढलं आणि समज पक्का झाला. आपण ते का चालवायचं, हे मला खरोखर कळत नाही.

ब्रायडनच्या हिमतीबद्दल वाद नाही. पुढे १८५७ मध्ये लखनौच्या रेसिडेन्सीत वेढ्यात असताना जेवणाच्या टेबलावर त्याला गोळी लागली. त्यातूनही तो वाचला आणि १८७३ साली स्कॉटलंडमध्ये वारला. लखनौला बाहेरून वेढा घालणाऱ्यांत बंगाल लष्करातले शिपाई होते. काबूलला आपल्या भाऊबंदांना साहेबांनी कसं वाऱ्यावर सोडलं, हे त्या लष्करात पंधरा वर्षांनंतरही कुणी विसरलं नव्हतं.