हेडसेट काढल्यावर पुढे काय?

आज एक प्रेझेंटेशन बघितलं आणि डोकंच फिरलं. विषय व्हीआरमधले, म्हणजे हेडसेट घालून शिरायच्या आभासी जगातले विधी, भविष्यात माणसं एकमेकांना निरोप कसा देतील वगैरे, स्पेक्युलेटिव्ह डिझाइन, म्हणजे 'असं झालं तर?' म्हणत भविष्य कल्पून बघणारं डिझाइन. स्क्रीनवर काय तर तरंगते दिवे आणि गेलेल्या माणसाचा अवतार कणकण होऊन वर विरघळतोय. टाळ्या पडल्या. मला उठून जावंसं वाटत होतं.

कारण मी अशा शोकसभेला खरंच गेलेय. मागच्या वर्षी आमच्या व्हीआरमधल्या ग्रुपमधली एक जण वारली. आमच्यातलं कुणी तिला प्रत्यक्ष भेटलेलं नव्हतं, पण दोन वर्षं रोज रात्री गप्पा. तिच्या आवडत्या वर्ल्डमध्ये, म्हणजे व्हीआरमधल्या एका जागेत, सगळे गोल करून उभे राहिलो, एकेक जण आठवण सांगत होता, मला रडू आवरेना, लेन्सवर वाफ धरली, चेहऱ्याला टेकतो तो फोम ओलाचिंब, समोरचं काही दिसेना, आणि माझा अवतार मात्र हसत उभा. त्याला तेवढंच येतं!

तेही चाललं असतं. पण हेडसेट काढला आणि एका सेकंदात मी माझ्या खोलीत, पंखा चालू, खुर्चीवर कपड्यांचा ढीग. पाठीवर हात ठेवायला कुणी नाही.

व्हान जेनेप या मानववंशशास्त्रज्ञाने १९०९ मध्येच विधीचे तीन टप्पे सांगितलेत, रोजच्या जगातून बाजूला होणं, उंबरठ्यावर थांबणं, मग परत माणसांत येणं. पहिले दोन व्हीआरला झकास जमतात. तिसऱ्याला कुणी हात लावत नाही, कारण तो व्हिडिओत छान दिसत नाही.

बरं, मान्य, स्पेक्युलेटिव्ह डिझाइनचं काम वस्तू विकणं नाही, प्रश्न उभे करणं, डन आणि रॅबी ही डिझाइनर जोडी तेच सांगत आलीय. मग करा की उभे! ती जागाच बंद पडली तर? ऑल्टस्पेस हे व्हीआरमध्ये भेटायचं ठिकाण १० मार्च २०२३ ला बंद झालं, तिथे वर्षानुवर्षं जमणारी माणसं होती. शोक करायची जागा अशी कंपनीच्या मर्जीवर ठेवायची?

आणि हो, अंथरुणाला खिळलेल्यांना एरवी येताच आलं नसतं. आमच्यातही एक होता तसा, तो सगळ्यात जास्त वेळ बोलला.

त्याचाच त्या रात्री तासाभराने मेसेज आला, "पोचलीस का घरी?"

मी घरातच होते, त्याच खोलीत, ओला फोम मांडीवर. "पोचले" असं टाइप केलं. तो म्हणाला, "मीपण." मग बराच वेळ दोघं काहीच न लिहिता ऑनलाइन होतो.