रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तार कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमचं म्हणणं असं की, मॉडेल रेल्वेच्या रुळाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळी तार जोडायला सांगून मी नवख्यांना उगाच घाबरवतो. सगळे सांधे सोल्डर करा, एका ठिकाणी वीज द्या, मॉडेल गाडी पळते. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण आपलं खान्देशातलं ऊन आहे.

तुमचा लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेची सगळी मांडणी, जळगावात, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आहे, असं तुम्हीच लिहिलंय. जानेवारीची पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत तिथे 35 अंशांचा फरक सहज पडतो. निकेल सिल्व्हरचा तीन मीटरचा अखंड रूळ तेवढ्यात दीड-दोन मिलिमीटर वाढतो. वाढायला जागा नसली की तो बाजूला फुगतो, नाहीतर सांधा उखडतो. एचओ या मॉडेल मापाच्या 16.5 मिलिमीटर गेजवर (दोन रुळांमधल्या अंतरावर) एवढा बाक आला की डबे उतरतात. म्हणून सरळ मार्गावर सांधे सरकते ठेवायचे, मध्ये बारीक फट सोडायची. वळणावर मात्र तुमचं बरोबर आहे. तिथे लवचीक रुळाचे दोन तुकडे आधी सोल्डर करून मग वाकवले की सांध्यात कोपरा पडत नाही.

पण सरकत्या सांध्यावर विजेसाठी विसंबता येत नाही. दोन रूळ जोडणारा धातूचा छोटा जॉइनर सैल होतो, आत धूळ आणि ऑक्साइड साचतं. खऱ्या रेल्वेतही, जिथे रुळांतून ट्रॅक सर्किट (गाडी रुळावर आहे का ते ओळखणारं विजेचं वर्तुळ) चालतं, तिथे फिशप्लेटच्या, म्हणजे रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या, भरवशावर राहत नाहीत. सांध्यावर दोन्ही रुळांना जोडणारी बॉन्ड वायर लावतात. म्हणूनच आपल्याकडे प्रत्येक तुकड्याला त्याची तार.

‘मीटर शेवटपर्यंत 12 व्होल्ट दाखवतो,’ हा तुमचा पुरावा. मीटर जवळपास करंट ओढतच नाही, त्यामुळे खराब सांध्यापलीकडेही तो 12च दाखवणार. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट, 10 वॉटचा बल्ब लांबच्या टोकाला दोन्ही रुळांना लावा. तो पेटलेला असताना मीटरची एक पिन सांध्याच्या अलीकडे, दुसरी पलीकडे, त्याच रुळावर टेकवा. चांगल्या सांध्यावर काही मिलिव्होल्ट येतील. अर्धा व्होल्ट आला तर तिथेच इंजिन दमतंय.

तार जोडताना रूळ बाहेरच्या बाजूने घासून घ्या, आधी तारेला सोल्डर चढवा, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा पदार्थ) राळेचाच वापरा. सोल्डरच्या जागेच्या दोन्ही बाजूंना रुळावर ओला कापूस ठेवला तर रुळाखालचे प्लॅस्टिकचे स्लीपर वितळत नाहीत. डाव्या-उजव्या रुळाच्या तारा वेगळ्या रंगाच्या घ्या, आणि सगळ्या लेआउटखालच्या दोन जाड तारांना नेऊन जोडा. बल्बची चाचणी मात्र आधी करा, आकडे इथेच लिहा.