एका कोपऱ्यात तांबं उरतं, त्याबद्दल

नमस्कार. घरी पीसीबी (सर्किटचा तांब्याचा थर असलेला बोर्ड) कोरण्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कोरायच्या यंत्रावर, बोर्ड कोरताना एका कोपऱ्यात तांबं तसंच उरतं, दुसरीकडे बारीक ट्रॅक (तांब्याच्या रेघा) उडून जातात, वर काचेची धूळ छातीत जाते; त्यापेक्षा फेरिक क्लोराईडच्या द्रावणात नको असलेलं तांबं विरघळवणं बरं, असं तुम्ही म्हणता.

धुळीचं तुमचं म्हणणं अगदी खरं, आणि लेखात मी ते लिहिलं नाही ही माझी चूकच. नेहमीचा बोर्ड एफआर-४ चा, म्हणजे इपॉक्सीत बसवलेल्या काचेच्या धाग्यांच्या कापडाचा. बिट, म्हणजे कोरायचं पातं, तांब्याखाली गेलं की त्याचीच भुकटी उडते. तिच्यावर फुंकर कधीही मारू नये. बिटाशेजारी हेपा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरच्या व्हॅक्यूमची नळी, तोंडावर नीट बसणारा मास्क, आणि शेवटी ओल्या फडक्याने पुसून घेणं, एवढं हवंच. एफआर-१ या दुसऱ्या प्रकारच्या बोर्डात काच नसून कागद असतो, त्यात बिटही जास्त टिकतं. मात्र सोल्डरिंग आयर्न जरा रेंगाळलं की पॅड (सोल्डर करायची तांब्याची टिकली) सुटून येतं. मास्क एफआर-१ कोरतानाही लावाच.

कोपऱ्यांचा दोष मात्र मी यंत्राला देणार नाही. तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉनचा, म्हणजे ०.०३५ मिमी. बोर्ड त्याच्या कितीतरी पट वाकलेला असतो. ३० अंशांचं, ०.१ मिमी टोकाचं व्ही-बिट (खाली निमुळतं होणारं बिट) ०.१ मिमी खोल गेलं तर चर सुमारे ०.१५ मिमी रुंद पडते, ०.२ मिमी खोल गेलं तर ०.२१. म्हणजे एका कोपऱ्यावर झेड (बिटाची उंची) शून्य धरून काम सुरू केलं, की बोर्ड जिथे खाली गेलाय तिथे बिट तांब्याला शिवतच नाही आणि जिथे वर आलाय तिथे ट्रॅक खाऊन टाकतं. तुम्ही वर्णन केलंय ते हेच.

उपाय प्रोबिंगचा, म्हणजे बोर्डाची उंची जागोजागी मोजण्याचा. कंट्रोलरच्या प्रोबची एक तार बिटाला, दुसरी तांब्याला. बिट हळूहळू खाली येतं, टेकलं की सर्किट पूर्ण होतं आणि त्या जागेची उंची नोंदली जाते. माझ्या ८० बाय ६० मिमीच्या एका बोर्डावर दर १० मिमीला, असे ६३ बिंदू घेतले. सगळ्यात उंच आणि सगळ्यात खोल बिंदूत ०.१८ मिमीचा फरक निघाला! दुहेरी चिकटपट्टीने तो डोळ्यांना सपाट बसलेला दिसत होता. बीसीएनसी या यंत्र चालवायच्या सॉफ्टवेअरने त्या उंचीनुसार जी-कोडमधला (यंत्राला दिलेल्या सूचनांमधला) झेड दुरुस्त केला आणि चारही कोपऱ्यांत चर सारखी आली.

फेरिक क्लोराईडला मी नावं ठेवत नाही. फोटोरेझिस्ट (उजेडाने नक्षी उमटवायचा लेप) वापरला तर रेघा सुरेख येतात. पण वापरलेल्या द्रावणात तांबं उतरलेलं असतं, ते मोरीत ओतता येत नाही, आणि छिद्रं पाडायची उरतातच. राउटरवर बोर्ड न हलवता फक्त बिट बदलायचं, झेड पुन्हा शून्य करायचं, ०.८ मिमीचं छिद्र पॅडच्या बरोबर मधोमध पडतं. यासाठीच मला ही पद्धत प्रिय आहे. छिद्रांच्या आत तांबं चढत नाही, त्यामुळे दोन बाजूंच्या बोर्डात व्हाया (दोन्ही बाजूंचे ट्रॅक जोडणारी छिद्रं) तारेने जोडून दोन्हीकडून सोल्डर कराव्या लागतात. ०.५ मिमी पिचची (पायांमध्ये एवढंच अंतर असलेली) आयसी असेल तर मीही बोर्ड बाहेरूनच करून घेतो.

तुमचा बिघडलेला बोर्ड अजून असेल तर कोरायला नको, नुसता प्रोब करून बघा. सगळ्या बिंदूंची उंची सारखीच निघाली तर मी चुकलो. मग स्पिंडलमध्ये (बिट फिरवणाऱ्या भागात) बिट डुगडुगतंय का ते बघू. बिटाचा कोन आणि किती खोल कोरलं होतं, तेवढं मात्र कळवा.