टप खाली आणला की तो आखूड पडतो

जुन्या गाडीचा टप कापून ती बुटकी करण्याविषयी एक मजकूर बरीच वर्षं या हातातून त्या हातात फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: चारही पिलरमधून (टप पेलणाऱ्या खांबांमधून) सारखी चार इंचांची पट्टी काढा, टप सरळ खाली बसवा, वेल्डिंग मारा, राहिलेलं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून झाका. काच कुठलाही काचवाला कापून देतो. दोन माणसं, शनिवार-रविवार, काम फत्ते. पिलर आखूड झाल्याने गाडी मजबूत होते आणि किंमतही वाढते. आपल्याकडच्या आवृत्तीत वर एक ओळ जोडलेली असते: अँबॅसडर किंवा पद्मिनीवरही हेच करा आणि व्हिंटेज म्हणून नोंदवून टाका.

यातली एक गोष्ट खरी आहे. पट्टी कापायला वेळ लागत नाही. ग्राइंडरला एक मिलिमीटरची कटिंग डिस्क लावून सकाळी बसलं तर दुपारी टप जमिनीवर असतो. अशा अवस्थेत अर्धवट सोडलेल्या गाड्या म्हणूनच विकायला निघतात.

‘चारही पिलरमधून सारखी पट्टी काढा’

सगळी मेख या वाक्यात आहे. एक उपडं घमेलं डोळ्यांसमोर आणा. त्याच्या मधून दोन बोटं रुंदीची आडवी पट्टी कापून काढली आणि वरचा तुकडा खाली ठेवला, तर तो खालच्या काठावर बसत नाही, आत पडतो. गाडीचा टप म्हणजे असंच घमेलं. पुढचे पिलर मागे कललेले, मागचे पुढे कललेले, आणि समोरून पाहिलं तर दोन्ही बाजू आत झुकलेल्या. ओळंब्यात काहीच नाही.

आकडे घालून बघू. समजा पुढचा पिलर उभ्या रेषेपासून ३० अंश मागे आहे आणि मागच्या काचेची बाजू ४५ अंश पुढे. टप सरळ ४ इंच खाली आणला की पुढे वरचा तुकडा खालच्या खुंटापेक्षा २.३ इंच मागे पडतो आणि मागे तो पूर्ण ४ इंच पुढे राहतो. म्हणजे टप ६.३ इंच आखूड पडला. रुंदीतही तो कमी पडतो, फक्त तिथे आकडा लहान असतो. सारखी पट्टी काढून सरळ खाली बसवलेला टप चारपैकी एकाही कोपऱ्यावर जुळत नाही.

यावर तीन उपाय आहेत आणि बहुतेक वेळा तिन्ही थोडेथोडे करावे लागतात. पहिला, टप आडवा कापून त्याचे दोन भाग दूर सरकवायचे आणि मधल्या फटीत त्याच गोलाईचा पत्रा बसवायचा. दुसरा, पुढचे पिलर मुळाशी कापून आणखी मागे झोपवायचे; मग दरवाज्याच्या चौकटीची पुढची काठीही तितकीच झोपवावी लागते. तिसरा, मागच्या काचेची चौकट न कापता अखंड बाजूला काढायची, जास्त आडवी करून बसवायची आणि भोवतीचा पत्रा नवा घडवायचा. १९४९ ते १९५१ च्या मर्क्युरी या अमेरिकन गाडीवर हा तिसरा उपाय सर्रास करतात, कारण त्यात मागची गोल काच कापण्याची जोखीम टळते.

सारख्या पट्टीचा हट्ट सोडायला सगळ्यात चांगला दाखला याच गाडीचा आहे. कॅलिफोर्नियात बॅरिस बंधूंच्या कारखान्यात १९५२ मध्ये बॉब हिरोहाटा याची १९५१ची मर्क्युरी कापली गेली. या प्रकारातली ती सर्वांत प्रसिद्ध गाडी. तिचा टप पुढे ४ इंच आणि मागे ७ इंच उतरवला आहे. मागे जास्त उतरवल्यामुळेच टपाची रेषा डिकीपर्यंत घरंगळत जाते. चारही कोपऱ्यांत सारखं कापलेली मर्क्युरी डोक्यावर उपडी परात ठेवल्यासारखी दिसते.

सारख्या पट्टीचा हा समज आला मात्र एका खऱ्या गाडीवरून. १९२८ ते १९३१ च्या फोर्ड मॉडेल ए कूपेचे पिलर बरेच सरळ आहेत, पुढची काच सपाट आणि जवळजवळ उभी आहे, आणि टपाचा मधला भाग पत्र्याचा नसून लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा आहे. तिथे कापून खाली ठेवण्याची युक्ती बऱ्याच अंशी चालते. जनरल मोटर्सने १९३५च्या मॉडेलांपासून आणि फोर्डने १९३७ पासून अखंड पत्र्याचा टप आणला, तेव्हा ती सोय संपली. तरी मॉडेल एचा सल्ला सगळ्या गाड्यांना चिकटवला जातो.

मजकुरात जे लिहिलेलंच नाही

कापण्याआधी गाडी आतून बांधून घेतली नाही तर पुढचं काहीच धड होत नाही, आणि हा मजकूर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. आधी दरवाज्यांच्या बिजागऱ्यांच्या पिना बघायच्या. झिजल्या असतील तर बदलायच्या. लोंबणारा दरवाजा धरून फटी जुळवल्या तर सगळी मापं चुकतात. गंजलेला तळही आधीच दुरुस्त व्हायला हवा. मग चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, सपाट जमिनीवर लेव्हलमध्ये, स्टँड अ‍ॅक्सलखाली, बॉडीचे बोल्ट आवळलेले, दरवाजे बंद आणि चहूबाजूंची फट सारखी.

अशा अवस्थेत २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप आत वेल्ड करायचा: डाव्या पिलरपासून उजव्यापर्यंत, पुढच्यापासून मधल्यापर्यंत, आणि तळापासून तिरके. हे सगळं कापाच्या रेषेखाली. रेषेच्या वर, टपाच्या आतही वेगळी फुली हवी, नाहीतर सुटा झालेला टप उचलतानाच पसरतो. दोन्ही कर्णांची मापं घेऊन ती गाडीवरच लिहून ठेवावीत.

खुणा करण्याची साधी रीत अशी. प्रत्येक पिलरवर रेषेच्या वर आणि खाली पंचने एकेक ठिपका मारायचा, ओळंब्यात मोजून दोघांत बरोबर १० इंच. चार इंच उतरवायचा टप जागेवर आला की तिथे ६ इंच भरले पाहिजेत. मागे जास्त उतरवायचं असेल तर तिथला आकडा तसा बदलतो. काप पिलरच्या सरळ, सारख्या जाडीच्या भागात घ्यावा. बिजागरी, लॉक आणि काचेच्या कोपऱ्याची गोलाई यांपासून दूर. पिलर दोन थरांचा असतो. आतल्या आणि बाहेरच्या थराचे काप दीड-दोन इंच मागेपुढे ठेवले तर दोन वेल्ड एकाच रेषेत येत नाहीत. डिस्क प्रत्येक कापाला मिलिमीटरभर पत्रा खाते, म्हणून ती नेहमी टाकाऊ पट्टीच्या बाजूने चालवायची. कमी कापलेलं घासून जुळवता येतं.

मॉडेल एवर आणखी एक धोका आहे. तिची पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या मागे, पुढच्या काचेच्या अगदी खाली असते. पुढचा पिलर कापताना ठिणग्या तिच्यावरच पडतात. टाकी रिकामी केली म्हणजे भागलं असं नाही. पेट्रोलच्या वाफेने भरलेली रिकामी टाकी पेट्रोलने भरलेलीपेक्षा वाईट. ती गाडीतून काढून दूर ठेवायची.

‘वेल्डिंग मारा, लांबी भरून झाका’

एक मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा सलग वेल्ड केला की तो लाटा मारतो. वेल्डची रेघ थंड होताना आकसते आणि शेजारचा पत्रा ओढून घेते. टपाचा आडवा सांधा तर मोठ्या, जवळपास सपाट पत्र्यावर येतो. तिथे घाई केली की मधोमध पन्हळीसारखी खोलगट रेघ उमटते आणि रंग चढल्यावर ती ऊनसावलीत लांबून दिसते.

मिगवर (तार आपोआप सरकवणाऱ्या वेल्डिंग यंत्रावर) ०.६ मिलिमीटरची तार, इंचाइंचावर एक टाका, आणि पुढचा टाका शेजारी न मारता दुसऱ्या टोकाला. तळहात ठेवता येईल इतकं थंड झाल्याशिवाय त्या जागी परत जायचं नाही. मग आतून डॉली (लोखंडी ठोकळा) धरून वेल्डची रेघ हातोडीने ठोकून ताणायची, म्हणजे आकसलेला पत्रा परत येतो. मिगची रेघ कडक असते, ठोकायला त्रास देते. टिग (वेगळी सळई हाताने भरत केलेलं विजेचं वेल्डिंग) किंवा गॅसची मऊ असते. म्हणून टपाच्या सांध्याला टिग आणि पिलरला मिग अशी वाटणी बरी. पिलरच्या आत २ मिलिमीटर पत्र्याची बाही घालून बाहेरच्या भोकांतून तिला वेल्ड केलं तर सांधा नुसत्या कडांवर उभा राहत नाही.

लांबीला विरोध नाही, जाडीला आहे. एक सूत, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर, ही तिची मर्यादा धरावी. बोटभर थर उन्हात आणि हादऱ्यात तडकतो, आणि कडेने ओल आत गेली की खालून गंज धरतो. जुने कारागीर शिसं भरत. अशा गाड्यांना ‘लेड स्लेड’ म्हणतात ते त्यामुळेच. सत्तर भाग शिसं आणि तीस भाग कथील यांचं मिश्रण १८३ ते साधारण २५५ अंश सेल्सिअसमध्ये लोण्यासारखं मऊ राहतं आणि लाकडी फळीने पसरवता येतं. पण ते भरण्याआधी लावलेलं आम्ल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायलाच हवं, नाहीतर काही महिन्यांनी रंगाला फोड येतात. आणि शिशावर ग्राइंडर अजिबात नाही; कानस चालवायची, कारण ती धूळ विषारी आहे.

‘काच कुठेही कापून मिळते’

टेम्पर्ड काच कापता येत नाही. चाकू लागताच ती साबुदाण्यासारखी विखुरते. ती नव्या मापाने आधी कापून मगच टेम्पर करावी लागते. सपाट लॅमिनेटेड काच मात्र कापता येते: दोन्ही बाजूंनी चीर पाडून तोडायची आणि मधला प्लास्टिकचा पडदा गरम करून पात्याने वेगळा करायचा. गोलाईची लॅमिनेटेड काच कापणं हा जुगार आहे. एकीच्या जागी दोन काचा हाताशी ठेवूनच तो खेळावा. साचा नेहमी तयार झालेल्या चौकटीत प्लायवूडवर काढायचा, कागदावरच्या हिशेबाने नाही. बाजूची काच आखूड झाली की ती वर-खाली करणाऱ्या यंत्राचा थांबाही बदलावा लागतो. वायपरचे हात आणि आतल्या पट्ट्या तर आल्याच.

‘दोन दिवस’

कापायला एक दिवस. दरवाज्यांच्या चौकटी टपाला जुळवायलाच त्याच्या कितीतरी पट. चार इंच डोक्यावरून गेल्यावर सीटही खाली घ्यावी लागते, हे बहुतेकांना गाडीत बसल्यावर कळतं. सिग्नलखाली थांबलं की दिवा बघायला मान वाकवावी लागते, ती वेगळीच.

‘मजबूत होते, किंमत वाढते’

आखूड खांब कमी वाकतो, एवढं पुस्तकातलं बरोबर. पण आतला आधार तोडून कडेला कड वेल्ड केलेला खांब हा तोच खांब नसतो. मॉडेल ए किंवा मर्क्युरीला निदान खाली स्वतंत्र चॅसी आहे. अँबॅसडर आणि पद्मिनी यांना ती नाही. तिथे टप, पिलर आणि तळ मिळून एकच पेटी भार घेते. ती पेटी चार ठिकाणी कापली तर दरवाजे लागेनासे होणं ही सुरुवात असते.

किमतीचा दावा हिरोहाटाच्या गाडीवरून केला जातो. ती जानेवारी २०२२ च्या लिलावात दलालीसह २१ लाख ४५ हजार डॉलरला गेली. पण तो पैसा तिच्या इतिहासाचा आणि बॅरिस यांच्या हाताचा आहे. मूळ अवस्थेतली दुर्मिळ गाडी कापली की तिचा गिऱ्हाईकवर्ग जातो आणि परत येत नाही. कापायचंच असेल तर १९३२च्या फोर्ड कूपेचं पत्र्याचं नवं बॉडीशेल अमेरिकेत मिळतं. त्यावर ग्राइंडर चालवावा.

‘व्हिंटेज म्हणून नोंदवा’

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात परवानगीबाहेरचा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. व्हिंटेज नोंदणीचे २०२१ चे नियम ५० वर्षांहून जुन्या गाडीला लागू आहेत, पण ती मूळ रूपात असली पाहिजे आणि तिच्या चॅसीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. टप कापलेली पद्मिनी वयात बसली तरी पुढच्याच अटीत अडकते.