जुने व ओरखडलेले

आमच्या लग्नातले सागवानी कपाट ‘जुने व ओरखडलेले’ आहे, ही माहिती मला गेल्या मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता मिळाली. ती देणारा तरुण जेमतेम पंचविशीचा होता, त्याच्या हातात टॅब होता आणि कपाटाशी त्याची ओळख तीन मिनिटांची होती.

झाले होते ते थोडक्यात असे. बँकेने मला बढती दिली आणि बढतीबरोबर गुवाहाटी दिली. होय की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवायचे आहे. नाही म्हटले, तर पुढची काही वर्षे बढतीचे नाव काढायचे नाही. घरात पहिलीतला मुलगा, दुसऱ्या खेपेचा पाचवा महिना लागलेली पत्नी आणि पंचाहत्तरीची आई. तीन आठवडे रोज रात्री बोलूनही निर्णय होईना, तेव्हा निदान खर्चाचा आकडा तरी कळावा म्हणून सामान हलवणाऱ्या एका कंपनीला फोन केला आणि हा तरुण सर्व्हेला आला.

दारातच त्याने विचारले, “गुवाहाटी ना? काय झाडी, काय डोंगार!”

जून 2022 मध्ये महाराष्ट्रातले बंडखोर आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात मुक्कामाला होते आणि त्यांच्यापैकी एकाने फोनवर केलेले हे वर्णन राज्यभर गाजले, हे मला ठाऊक आहे. ते मला ठाऊक आहे हे मात्र कोणालाच ठाऊक नसावे, कारण बदलीची बातमी फुटल्यापासून हे वाक्य मला 19 जणांनी पहिल्यांदाच सुचल्यासारखे ऐकवले आहे. आमच्या दंतवैद्यांनी तर ते माझ्या तोंडात आरसा घालून ऐकवले. आहोम सेनापती लाचित बडफुकनने मोगलांना हरवले ती सरायघाटची लढाई याच गुवाहाटीची, हे त्या 19 जणांपैकी एकालाही आठवले नाही. आठवले ते हॉटेल.

असो. तरुणाने काम सुरू केले. त्याने आईला मावशी, पत्नीला ताई आणि मला काका म्हटले. मी एकोणचाळीस वर्षांचा आहे. ताईचा नवरा काका कसा होतो, हे विचारण्याची ती वेळ नव्हती, म्हणून मी गप्प बसलो. पण मनात ते अजून आहे.

प्रत्येक वस्तूपुढे तो घनफूट लिहीत होता आणि त्यापुढच्या रकान्यात तिची अवस्था. पलंग, जुना व ओरखडलेला. जेवणाचे टेबल, जुने व ओरखडलेले. दोन महिन्यांपूर्वी हप्त्यांवर घेतलेले आणि अजून सात हप्ते शिल्लक असलेले धुलाई यंत्रही जुने व ओरखडलेले निघाले, तेव्हा मात्र माझा संयम सुटला.

“ओरखडा कुठे आहे, दाखवा बरं.”

“नाहीये, काका. पण गुवाहाटीला पोचेपर्यंत येईल. मग आधीच लिहिलेला बरा.”

हे उत्तर त्याने इतक्या सौजन्याने दिले की माझ्याच भल्यासाठी तो आगाऊ ओरखडे काढून ठेवत आहे, असे क्षणभर मला वाटले. विम्याचे पैसे कोणाला आणि केव्हा मिळत नाहीत, हे त्या एका वाक्यात सामावलेले होते. विम्याचा हप्ता मात्र मीच जाहीर केलेल्या किमतीच्या 3 टक्के भरायचा होता, आणि ती किंमत ठरवताना वस्तू जुन्या धरायच्या की नव्या, यावर कंपनीचे ठाम मत होते, की ते गिऱ्हाइकाने ठरवावे.

स्वयंपाकघरात तो पाट्या-वरवंट्यापुढे थबकला.

“मावशी, हे दगड न्यायचे? तिकडे ब्रह्मपुत्रेत दगड नाहीत का?”

“नदीतल्या दगडाला टाकी लावलेली नसते, बाळा,” आई म्हणाली आणि तिने त्याच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. त्याने पोहे खाल्ले आणि पाट्यापुढे लिहिले, जुना व ओरखडलेला. या एका नोंदीला मात्र माझा आक्षेप नव्हता.

पोहे खाता खाता त्याने हिशोब सांगितला. चौदा फुटी गाडी, सारे धरून 1,42,000 रुपये. “आणि हे सगळं सामान इथेच विकलं, तर पस्तीसेक हजार येतील. मग नेताच कशाला, काका?”

मला याचाच राग आहे. जो भेटतो तो ‘जाताच कशाला’ किंवा ‘राहताच कशाला’ यांपैकी एक विचारून मोकळा होतो. मोटार तिकडे बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची तर तिची नोंदणी पुन्हा करावी लागते. त्यासाठी इथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणायचे, तिकडचा रस्ता कर भरायचा आणि इथे एकदम भरून बसलेल्या कराच्या परताव्यासाठी हेलपाटे घालायचे, हे त्यांच्यापैकी कोणी करणार नसते. मुलाला नुकताच ‘ळ’ लिहिता येऊ लागला आहे आणि आमच्या आडनावातही तो आहे. असमियात तो नाहीच, हे वर्गातल्या बाईंना रोज कोण समजावणार? डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. हे ऐकल्यावर आईने एवढेच विचारले होते, की साडेचारला दिवेलागण झाली तर पुढे रात्रीपर्यंत करायचे काय. चहाच्या मळ्यांत घड्याळ तासभर पुढे ठेवून ‘बागान वेळ’ पाळतात, हा तोडगा मी सांगून पाहिला. घड्याळ पुढे ढकलल्याने ऊन वाढते का, असे ती म्हणाली. त्यांच्या आंबट कालवणातला थेकेरा हा आपल्या आमसुलाचा सख्खा भाऊबंद आहे, एवढी एकच गोष्ट तिने मान्य केली.

बँकेचे पत्र चार ओळींचे आहे. त्यात यांपैकी काहीही नाही.

शेवटी माळ्यावरचा पाळणा खाली काढला गेला. त्यात मी निजलो होतो, मुलगा निजला होता आणि आता डिसेंबरापर्यंत तो पुन्हा लागणार होता. तरुणाने टेप लावून मोजमाप घेतले आणि देवघराकडे वळून सहज विचारले, “मावशी येणार आहेत का? नाही, म्हणजे देवघर धरायचं की नाही, ते त्याच्यावर आहे. त्याला लाकडी खोका वेगळा लागतो.”

तीन आठवडे आम्ही दोघांनी शाळा, डॉक्टर, पगार, भाडे यांचा कीस पाडला होता आणि बाळंतपणाला आई असणारच, हे न विचारताच धरून चाललो होतो. प्रश्न विचारला तो खोक्याच्या भावासाठी आलेल्या माणसाने. मी पत्नीकडे पाहिले, पत्नीने पाळण्याकडे पाहिले.

“चहा घेणार का रे अजून?” आईने त्याला विचारले.

संध्याकाळी दरपत्रक आले. देवघरापुढे अवस्था लिहिलीच होती आणि शेऱ्याच्या रकान्यात होते, ‘मावशींचे नक्की नाही’. आईने ते चष्मा लावून दोनदा वाचले आणि काही न बोलता परत दिले.

बँकेला तीन दरपत्रके लागतात. उद्या दुसऱ्या कंपनीचा माणूस येणार आहे. आज दुपारपासून आई खोबरेल तेलाचा बोळा घेऊन कपाट पुसते आहे. कपाट झाल्यावर तिने देवघर घेतले आणि मघाशी पाहिले, तर ती पाळण्यापर्यंत आली होती. मी विचारले, की हे गुवाहाटीला जाण्यासाठी आहे की त्या माणसाला ओरखडे दिसू नयेत म्हणून. तिने मला दुसरा बोळा दिला आणि खालच्या बाजूने पुसायला सांगितले.