आंतरविद्याशाखीय चर्चासत्र निर्विघ्न कसं पार पाडावं

एनईपी २०२० म्हणजे नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यापासून सगळ्या कॉलेजांना एकदम साक्षात्कार झालाय की ज्ञान हे मुळात एकच असतं, त्यामुळे आज ना उद्या प्राचार्य तुम्हाला केबिनमध्ये बोलावणार आणि सांगणार, नॅकची, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेची, टीम यायच्या आत एक इंटरडिसिप्लिनरी सेमिनार उरकून टाका. घाबरू नका. नाशकात कॉलेज रोडपासून गंगापूर रोडपर्यंत हॉलला तोटा नाही, फ्लेक्सवाले रात्रीत बॅनर देतात आणि अध्यक्षपद भूषवायला माणसं तर कायम तयार असतात. पथ्य एकच पाळायचं, सायन्सवाला आणि आर्ट्सवाला एकमेकांशी बोलता कामा नयेत. बाकी काहीही होऊ द्या.

सुरुवात विषयापासून करा. विषय आभाळाएवढा घ्यायचा, म्हणजे कसा, तर 'विज्ञान, कला आणि मानव्यविद्या : आव्हाने, संधी आणि दिशा'. यात काहीही बसतं, कोणाचाही जुना पेपर नवीन शीर्षक लावून आत येतो आणि कोणाला नाही म्हणायची वेळ येत नाही. छोटा विषय मात्र चुकूनही घेऊ नका. प्रत्येक स्टाफरूममध्ये एक उत्साही प्राणी असतो (बहुतेक सीएचबीवरचा, म्हणजे तासांवर पैसे मिळणारा, कायम झालेल्यांना हा आजार होत नाही), तो म्हणेल, सर आपण दुतोंड्या मारुती घेऊ ना. म्हणजे काय, तर ही नाशकात गोदावरीच्या पात्रातली मूर्ती, नदीला पूर आला की आपण आकडे विचारत नाही, मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं का, कमरेला लागलं का, छातीला आलं का, असं विचारतो, २०१६ आणि २०१९ च्या पुरात सगळं गाव हेच विचारत होतं. तर गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले म्हणजे पाणी कमरेला लागतं? आणि पात्रात काँक्रीट ओतलं, काठाला घाट बांधले, पूल आले, तरी आजोबांच्या वेळची कंबर आणि आत्ताची कंबर एकच धरायची का? आता याचं उत्तर द्यायला इंजिनिअर लागणार, जुन्या पुरांच्या तारखा शोधायला इतिहासवाला लागणार, मूर्ती नेमकी किती उंच हे मोजायला शिल्पकलेतला कोणीतरी लागणार, आणि धरणाच्या आकड्यांपेक्षा लोकांचा मारुतीवर जास्त भरवसा का, हे सांगायला समाजशास्त्रवाल्या मॅडम लागणार. बघा, किती धोका आहे. चौघांना एका टेबलाशी बसावं लागेल, एकमेकांना फोन करावे लागतील, आणि वर नदीकाठी जावं लागेल ते वेगळंच. त्या मुलाला प्रमाणपत्रं छापायच्या कमिटीवर टाका, शांत होईल.

वक्ते निवडताना एक सोपा नियम आहे, प्रत्येकाला दुसऱ्याच्या विषयावर बोलू द्या पण दुसऱ्याच्या समोर नाही. फिजिक्सचे सर आईनस्टाईन व्हायोलिन वाजवायचा हे सांगतील, मराठीच्या सरांच्या बोलण्यात दर पाच मिनिटांनी 'क्वांटम' येईल, तत्त्वज्ञानवाले सांगतील की हे सगळं उपनिषदांत आधीच होतं. मराठीचे सर क्वांटम म्हणत असताना फिजिक्सचे सर हॉलमध्ये नसतील एवढं फक्त बघा, त्यांना तेव्हा पाहुण्यांना आणायला ओझरच्या विमानतळावर पाठवता येतं. फ्लाइट लेट असेल तर उत्तमच.

बीजभाषणात इंग्रज शास्त्रज्ञ-कादंबरीकार सी. पी. स्नो यायलाच पाहिजेत. १९५९ साली केंब्रिजमध्ये व्याख्यान देऊन त्यांनी सांगितलं की विज्ञानवाले आणि साहित्यवाले या दोन वेगळ्या संस्कृती झाल्यात आणि मधे दरी आहे. एवढं सांगा आणि पुढच्या मुद्द्यावर जा. त्याच व्याख्यानात त्यांनी एक किस्सा सांगितला होता, की सुशिक्षित मंडळींना मी विचारलं, तुमच्यापैकी कितीजणांना थर्मोडायनामिक्सचा दुसरा नियम सांगता येईल, आणि सगळे गप्प. हा किस्सा टाळा. कारण मागून कोणीतरी विचारेल की मग सर तुम्ही सांगा ना, आणि तुम्ही तर स्नो यांच्यावरची स्लाइड आदल्या रात्री डाऊनलोड केलेली असते.

स्थानिक अभिमान म्हणून दादासाहेब फाळके घ्या. त्र्यंबकेश्वरचे, १९१३ मध्ये पहिला सिनेमा काढला आणि मग कंपनी घेऊन नाशकात आले, म्हणजे आपलेच. 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व' म्हणा आणि टाळ्या घ्या. खोलात जाऊ नका हो. खोलात गेलं की काय दिसतं, हा माणूस चित्रकला शिकला, फोटोग्राफी शिकला, छपाई शिकला, जादूचे प्रयोग करायचा, आणि सिनेमासाठी पैसे उभे करायचे होते तेव्हा त्याने कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना रोज थोडं थोडं शूट करून फिल्म बनवली, मिनिटाभरात रोप वर येताना दिसतं अशी, आणि ती पैसेवाल्याला दाखवली. आता ती फिल्म बॉटनीची की कॉमर्सची की ललित कलेची, हे ठरवत बसलो तर आपल्याला टाइमटेबलच लावता येणार नाही. शिवाय उद्या दादासाहेब प्राध्यापकीच्या मुलाखतीला आले तर पहिला प्रश्न हाच की नेट परीक्षा कुठल्या विषयात? दुसरा, पीएचडीचा गाइड कोण? मग खाली सही करून पुढचा उमेदवार.

प्रोसिडिंग म्हणजे सगळ्या पेपरांचं पुस्तक छापायचं, आयएसबीएन घ्यायचा, पेपरमागे फी ठेवायची, हे तुम्हाला सांगायला नको. कोणी भोचक सोकलचं नाव काढेल. या भौतिकशास्त्रज्ञाने मुद्दाम अगम्य शब्दांचा भुसा भरून एक पेपर अमेरिकेतल्या एका मानव्यविद्येच्या जर्नलला पाठवला, त्यांनी तो १९९६ मध्ये छापला, मग त्याने जाहीर केलं की ही थट्टा होती, आणि जगभर भांडण पेटलं. आपल्याकडे असं होण्याची भीती अजिबात नाही. सोकलने निदान स्वतःचा पेपर वाचला तरी होता.

खरी जोखीम आहे प्रश्नोत्तरांत, इथे सावध राहा. होतं काय, की दिवसभर विद्यार्थी मागच्या रांगेत मोबाईलमध्ये असतात, आपण निर्धास्त असतो, आणि फिजिक्सचे सर शेवटी भाषण रंगवायला म्हणून कुसुमाग्रजांची ती पृथ्वीच्या प्रेमाची कविता म्हणतात. नाशिकचा माणूस, नाशिकचा कवी, पाठ असतेच. आणि मग एफवायबीएची एक मुलगी उभी राहते. ती म्हणते, सर, कवितेत पृथ्वी सूर्यामागे एवढी धावते तरी अंतर काही मिटत नाही, मग खरोखर सूर्य तिला ओढतोय तर ती त्याच्यावर जाऊन पडत का नाही?

हॉलमध्ये मोबाईल खाली जातात. आणि सरांचा चेहरा बघा हो, वीस वर्षं तेच न्यूमरिकल शिकवून विझलेला माणूस एकदम पेटतो. ते पोडियम सोडून पुढे येतात, म्हणतात, अगं पडतेच आहे की ती! सतत पडतेय, सेकंदाला तीसेक किलोमीटरच्या वेगाने आडवी पळतेय म्हणून दर वेळी नेम चुकतो, पळणं थांबलं तर सरळ त्याच्यात जाईल, मग मिलन होईल पण पृथ्वी उरणार नाही. आणि तिसऱ्या रांगेतून मराठीच्या मॅडम आपोआप उठतात, थांबा थांबा सर, तिलाही हेच पाहिजे आहे, दूर राहूनच प्रेम करायचं...

हीच ती वेळ. इथे तुमच्या सूत्रसंचालकाने माईक हातात घेतलाच पाहिजे. "वेळेअभावी आपण इथेच थांबूया, भोजनाची व्यवस्था तळमजल्यावर केलेली आहे." आवाज गोड ठेवायचा. सर आणि मॅडम जिन्यात बोलत उभे राहतील, तर त्यांना लगेच ग्रुप फोटोसाठी दोन वेगवेगळ्या टोकांना उभं करा, आणि जेवताना सायन्सवाल्यांचं टेबल प्राचार्यांच्या केबिनमध्ये लावा. त्या मुलीला उत्तेजनार्थ पेन द्या, म्हणजे ती परत हात वर करणार नाही.

आणि अहवाल आदल्या दिवशीच टाइप करून ठेवा. 'विविध विद्याशाखांमधील संवादाचे नवे दालन खुले झाले', 'उपस्थितांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला', जिओटॅग फोटोंसाठी मधे चौकट. प्रमुख पाहुण्यांच्या नावाची जागा तेवढी कोरी सोडा, आमदार साहेब आयत्या वेळी पीएला पाठवतात.