काका, प्रश्न विश्वासाचा नाहीचे

काका, तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली, दुपारी परत वाचली, आणि खाली दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं होणं काही बरोबर वाटेना म्हणून वेगळं लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की म्हातारपणाच्या पैशाचं प्लॅनिंग नवरा-बायको दोघांना माहिती पाहिजे. त्यावर नाशिकच्या या काकांचं म्हणणं असं, की तुमचं सगळं संशोधन अमेरिकेतलं, आर्थिक साक्षरतेच्या क्लासने काही फरक पडत नाही हे संशोधकांनीच सांगून ठेवलंय, आणि शेवटी, "आमच्या संसाराला ३६ वर्षं झाली, सगळे व्यवहार मीच बघतो, तिला यातलं काही नकोय, माझी पेन्शन आहे, फंड आहे, तिला काही कमी पडणार नाही. तुमच्या असल्या लिहिण्याने घरात अविश्वास तयार होतो."

क्लासच्या मुद्द्यापासून सुरुवात करते कारण तिथे तुमचं बरंचसं बरोबर आहे. तुम्ही म्हणताय तो अभ्यास २०१४ चा, फर्नांडिस, लिंच आणि नेटमायर या तिघांचा. त्यांनी आधीचे दोनशे एक अभ्यास एकत्र करून पाहिलं आणि निघालं काय, तर माणसं पैशाच्या बाबतीत वेगवेगळी वागतात त्यातला जेमतेम ०.१ टक्के फरक अशा शिक्षणामुळे पडतो, आणि जे शिकवलं तेही वर्ष-दोन वर्षात विरून जातं. मला स्वतःला ते वाचून वाईट वाटलं होतं. पुढे २०२२ मध्ये कैसर, लुसार्डी वगैरेंनी नीट चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले ७६ प्रयोग एकत्र केले, ३३ देशातली एक लाख साठ हजाराहून जास्त माणसं, त्यात मात्र शिकवण्याचा फायदा दिसला, ज्ञानातही आणि वागण्यातही. म्हणजे वाद संपलेला नाही. पण २०१४ वाल्या लोकांनी शेवटी काय सुचवलं ते तुमच्या प्रतिक्रियेत आलं नाही, ते म्हणतात की सगळं एकदम शिकवत बसण्यापेक्षा माणूस ज्या वेळी निर्णय घेतोय त्याच वेळी त्या निर्णयापुरतं त्याला सांगा. मी तरी कुठे म्हटलं होतं काकूंना क्लासला पाठवा? मी म्हटलं होतं फॉर्म भरताना शेजारी बसवा.

आणि ही फॉर्मची गोष्ट किती मोठी आहे याचं उदाहरण परत अमेरिकेचंच देते, रागावू नका. तिथे कंपनीची पेन्शन घेताना दोन पर्याय असायचे, एक स्वतःपुरती पेन्शन, रक्कम जास्त पण माणूस गेला की बंद, आणि दुसरी थोडी कमी पण मागे राहणाऱ्या बायकोला चालू राहणारी. कितीतरी पुरुष पहिली घ्यायचे आणि बायकोला ते कळायचं तो गेल्यावर. १९८४ साली तिथे कायदाच केला, की बायकोची पेन्शन सोडायची असेल तर तिची लेखी संमती पाहिजे आणि ती सही नोटरीसमोर किंवा पेन्शन योजनेच्या माणसासमोर झाली पाहिजे. कायदा करणाऱ्यांनी नवऱ्यांना वाईट ठरवलं नव्हतं. सहीच्या वेळी ती खोलीत असली पाहिजे, इतकंच. आपल्याकडे विमा कंपनीची पेन्शन, म्हणजे ॲन्युइटी घेताना हेच दोन पर्याय समोर येतात आणि इथे तशी सही कुणी मागत नाही, टिक करणारा एकटाच असतो.

आता माझ्या घरातलं सांगते, त्याशिवाय मी एवढं पोटतिडकीने का लिहिते ते कळणार नाही. माझी मिरजेची काकू. तिचे यजमान, म्हणजे माझे काका, २०१९ च्या पावसाळ्यात गेले, अचानक. तेराव्यानंतर आम्ही सगळे पलंगावर कागद पसरून बसलो होतो, रेक्झिनची एक तपकिरी बॅग, रबर लावलेल्या एलआयसीच्या पावत्या, तीन पासबुकं, आणि एक डायरी ज्यात काका स्वतःच्या खुणांनी लिहायचे. एका पानावर होतं "बा. ४० मार्च". आता बा. म्हणजे बाळू की बाबर की बाजार समितीवाली कोणी, आणि ४० द्यायचे की यायचे, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. एका पतसंस्थेत काकांच्या एकट्याच्या नावावर एफडी होती, नॉमिनी त्यांची आई, म्हणजे माझी आजी, जी २००६ मध्येच गेली. लग्नाआधी कधीतरी खातं उघडलं असेल, नंतर ते नाव बदलायचं राहूनच गेलं. वारस दाखल्यासाठी कोर्टात अर्ज करून पैसे हातात यायला अकरा महिने गेले. आणि सगळ्यात जास्त छळलं ते एका फोनने. काकांच्या मोबाईलचं रिचार्ज संपलं, गेलेल्या माणसाच्या फोनला कोण रिचार्ज मारणार, नंबर बंद झाला, आणि गॅसपासून बँकेपर्यंत सगळे ओटीपी त्याच नंबरवर जायचे.

याच काकूने अठरा वर्षं गल्लीतल्या बारा बायकांची भिशी चालवलीय. एकदाही एक रुपयाचा घोळ नाही. कुणाचा नंबर कधी, कोणी आगाऊ उचलली, कोणाच्या मुलीच्या लग्नासाठी नंबर मागेपुढे केला, सगळं तोंडपाठ. त्या दिवशी ती पलंगाच्या कडेला बसून म्हणत होती, "मला काय कळतंय यातलं." काका, ते ऐकताना माझ्या पोटात जे तुटलं ते मी विसरू शकत नाही. तिला न कळण्यासारखं त्यात काय होतं? तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि हे "मला काय कळतंय" सुद्धा संशोधनात सापडतं, हॉलंडमधल्या. तिथे व्याज, महागाई आणि शेअरमधली जोखीम असे तीन साधे प्रश्न विचारले, उत्तरांमध्ये "माहीत नाही" हा पर्याय ठेवला तेव्हा बायकांनी तो पुरुषांपेक्षा जास्त वेळा निवडला. काही आठवड्यांनी तेच प्रश्न "माहीत नाही" काढून विचारले तर त्याच बायकांनी पुष्कळदा बरोबर उत्तर दिलं. पुरुष आणि बायकांच्या मार्कांतल्या फरकाचा साधारण एक तृतीयांश भाग निव्वळ आत्मविश्वासाचा निघाला. दुसरा एक अमेरिकेतला अभ्यास, २०१६ मध्ये छापून आलेला, म्हणतो की विधवा व्हायची शक्यता जशी जवळ येते तशा तिथल्या बायका पैशाचं शिकायला लागतात. म्हणजे गरज दिसली की शिकतात. पण ज्यांना ती वेळ येतेय हे कळतच नाही त्यांचं काय, माझ्या काकांना तर चार तास पण मिळाले नाहीत.

आपल्याकडचे आकडे हवेत म्हणालात. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २७ टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर निघाले, पुरुष २९ आणि बायका २१. म्हणजे व्यवहार बघणाऱ्या पुरुषांमध्येसुद्धा दहातले सात त्यात बसत नाहीत, हे मी मुद्दाम सांगतेय कारण "मी बघतो" म्हणजे "मला येतं" असं नसतं. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या समितीने घरांच्या संपत्तीचा हिशोब मांडला, सरासरी ८४ टक्के जमीन, घर आणि वस्तूंमध्ये, ११ टक्के सोन्यात, आणि उरलेले फक्त ५ टक्के बँक, विमा, फंड वगैरेत. आता जे घर एकट्याच्या नावावर आहे आणि ज्याची कागदपत्रं कुठल्या ट्रंकेत आहेत हे एकालाच माहिती आहे त्यातून औषधाचे पैसे महिन्याच्या महिन्याला कसे निघणार?

तुमच्या पेन्शनचं. तुम्ही कंपनीतून रिटायर झालात असं लिहिलंय म्हणजे ती ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफबरोबर येणाऱ्या कर्मचारी पेन्शन योजनेची असणार. सूत्र तुम्हाला माहिती असेलच, पगार गुणिले वर्षं भागिले ७०, आणि पगाराची मर्यादा १५,०००. पूर्ण ३५ वर्षं धरली तरी ७,५००, आणि प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी कारण सप्टेंबर २०१४ च्या आधी मर्यादा ६,५०० होती. किमान पेन्शन १,०००, तीही २०१४ पासून तेवढीच, म्हातारी माणसं त्यासाठी उपोषणाला बसतात ते काय हौसेने नाही. आणि तुमच्या माघारी काकूंना यातलं निम्मं. निम्मं हा शब्द त्यांना माहिती आहे का? त्यात महागाई, ६ टक्क्याने बारा वर्षात खर्च दुप्पट होतो, आज घर २५ हजारात चालत असेल तर काकू सत्तरीत असतील तेव्हा ५०. तुम्ही भरपूर साठवलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण "कमी पडणार नाही" हे ज्या माणसाला जगून बघायचंय त्या माणसाला तो आकडा तपासता आला पाहिजे ना.

नॉमिनीचंही एकदा बघून घ्या. बँकेतल्या पैशाचा नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने पैसे घेणारा असतो, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शेअरच्या बाबतीतही तेच सांगितलंय. विम्यात २०१५ पासून जवळच्या नात्यातल्या नॉमिनीसाठी वेगळा नियम आहे. म्हणून नॉमिनी टाकला की झालं असं नाही, मृत्युपत्र लागतंच. जुनी विसरलेली खाती असतील तर रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे २०२३ पासून, दहा वर्षं पडून असलेल्या ठेवी तिथे सापडतात, मी आमच्या काकांच्या नावाने शोधलं होतं, काही निघालं नाही, पण शोधलं.

अविश्वासाबद्दल. ३६ वर्षं तुम्ही एकट्याने ओढलंत, त्यात प्रेम आहे, काळजी आहे, हे मला दिसतं, आमच्या काकांचंही तसंच होतं, त्यांनी काकूला कधी बँकेची पायरी चढू दिली नाही कारण तिला त्रास नको. तो सगळा त्रास मग तिला एकदम, एकटीला, सुतकात झाला. तुमच्याकडे अजून वेळ आहे. एक साधी दोनशे पानी वही, त्यात खाती, पॉलिसी, कुणाकडून यायचे, कुणाला द्यायचे, पूर्ण नावाने, खुणा नकोत, आणि अक्षर काकूंचं, तुम्ही सांगायचं आणि त्यांनी लिहायचं. पुढच्या वेळी हयातीचा दाखला द्यायला जाल तेव्हा त्यांना बरोबर घेऊन जा, खिडकीवर त्यांना बोलू द्या.

एक विचारते, लहान तोंडी मोठा घास वाटला तर माफ करा. तुम्ही लिहिलंय "तिला यातलं काही नकोय." असं काकू कधी म्हणाल्या होत्या? ८८-८९ साली, नव्या घरात, सासू-सासरे समोर बसलेले असताना म्हणाल्या असतील तर ते उत्तर आता जुनं झालंय. आज परत एकदा विचारून बघाल का, आणि त्या काय म्हणाल्या ते इथे लिहाल?